सवाशिणींचे हात

वारली घरातला लग्नाचा चौक पाहायला आत शिरलं की आधी काहीच दिसत नाही. बाहेर मांडवात चैत्राचं ऊन असतं आणि घराच्या पार आतल्या भिंतीशी काळोख. कारवीचा कूड, त्यावर शेणमातीचं सारवण, सारवणावर गेरू. डोळे सरावले की त्या तांबूस काळोखातून पांढऱ्या रेघा वर यायला लागतात. आधी चौकट, तिच्या कडेने नक्षीच्या पट्ट्या, मग सूर्य आणि चंद्र, बाशिंग, फणी, झाडं, आणि मधोमध पालघट. ती या लोकांची वाढीची देवी. पिकाचीही आणि पोराबाळांचीही. जवळच छोट्या देवचौकात घोड्यावर बसलेला पंचशिऱ्या. भिंतीवर पालघट आल्याशिवाय लग्न लागत नाही.

हा चौक सवाशिणी लिहितात. तांदूळ वाटून पाण्यात कालवायचा, त्यात थोडा डिंक घालायचा आणि बांबूची काडी टोकाला चावून तिचा कुंचला करायचा. एवढंच सामान. तीन-चार जणी भिंतीपुढे बसतात, एकीचा हात वर चालतो, दुसरीचा खाली, आणि मागे बायकांची गाणी चालू असतात. डहाणूच्या बाजूला एका लग्नघरी मी हे पाहत बसले होते. त्या चौघींतल्या एकीकडे माझं लक्ष सारखं जात होतं. बाकीच्या काडी टेकवायच्या, उचलायच्या, पुन्हा टेकवायच्या. हिची काडी एकदा भिंतीला लागली की चौकटीचं टोक गाठूनच सुटायची. पालघटीचं अंग तिनेच लिहिलं. काठाच्या पट्ट्या इतरांनी भरल्या. नुकतंच लग्न झालेल्या एका कोवळ्या मुलीला खालचा कोपरा दिला होता. तिचे त्रिकोण वाकडे आले, पण ते कुणी पुसले नाहीत.

आदिवासींविषयी लिहिताना आपण फार पटकन म्हणून टाकतो की त्यांच्यात ‘मी’ नसतोच, सगळं सामूहिक असतं. मला हे वाक्य खोटं वाटतं, आणि त्या माणसांना उणेपणा आणणारंही. त्या बाईचा हात इतरांपेक्षा चांगला आहे हे तिथे पोराटोरांनाही ठाऊक होतं. ती स्वतःही ते लपवत नव्हती. आजूबाजूच्या पाड्यांवर लग्न निघालं की तिला बोलावणं येतं. ते दिवस मोहाची फुलं वेचायचे. पहाटे अंधारात जाऊन टोपली भरली तर भरली. उशीर झाला की फुलं गुरांच्या तोंडी जातात. चौकाला बसलं की त्या दिवसाची फुलं गेली. तिने हे सांगितलं ते तक्रारीच्या सुरात नव्हे, हिशेब सांगावा तसं. मी विचारलं, एखाद्या वेळी नाही म्हणालात तर? मग त्या पोरीचं लग्न कसं लागेल, असं तिने मलाच विचारलं.

त्या उलट्या प्रश्नापाशी मी बराच काळ थांबले आहे. हात चांगला असल्याची पावती तिला मिळते ती बोलावण्याच्या रूपाने, आणि बोलावणं आलं की उठून जावं लागतं. म्हणजे मान आणि ओझं एकाच निरोपातून येतं.

आपल्याकडेही हे होतं. माझ्या माहेरच्या गल्लीत अशा एक मावशी होत्या. कुणाच्याही घरी लग्न असो, रुखवत मांडायला त्यांना बोलवायचंच. साखरेचं तुळशीवृंदावन, रंगवलेल्या सुपाऱ्यांचं वऱ्हाड, कुरडयांची उतरंड. त्यांची बोटं लागली की साध्या साध्या वस्तूंनाही रूप यायचं. लग्न पार पडलं की त्यांना एक खण मिळे, एखादा करंज्यांचा डबा मिळे. आज असा गुण हातात असलेल्या बायका रुखवताच्या ऑर्डरी घेतात. त्यात वाईट काहीच नाही. त्यावर घर चालतं, मुलांच्या फिया भरल्या जातात, आणि मावशींच्या कष्टाचं मोल कुणी केलं नाही हीही खरी गोष्ट आहे. फरक एवढाच पडला की ऑर्डर नाकारता येते, आणि ज्याला परवडत नाही त्याच्या दारी ती जात नाही. मावशी गल्लीच्या टोकाच्या पत्र्याच्या खोलीतही तितकाच वेळ बसायच्या.

एरवी आपल्या घरात एखाद्या मुलाचा गळा गोड निघाला की पहिला विचार येतो तो त्याला कुठल्या स्पर्धेत उतरवायचं हा. गुण दिसला की त्याला गर्दीतून वेगळं काढायची घाई होते. वेगळा वर्ग, वेगळा गुरू, वेगळी खोली. आईबाप हे प्रेमापोटीच करतात. पण त्या मुलाला गल्लीतल्या गणपतीपुढे आरती म्हणायला कुणी बोलवेनासं होतं, आणि हळूहळू त्यालाही तिथे गाणं कमीपणाचं वाटू लागतं.

तारपकऱ्याला वारली लोक गर्दीच्या अगदी मधोमध उभा करतात. दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा, सांधे बुजवायला मेण; असं हे लांबलचक वाद्य, तारपा. ते वाजवायचं म्हणजे श्वास तुटू द्यायचा नाही. नाकाने आत घ्यायचा आणि गालात धरलेला सोडत राहायचा. शेतात भात तयार व्हायला लागलं की रात्री तारप्याचा नाच रंगतो. बायका-पुरुष एकमेकांच्या कमरेला हात घालून साखळी धरतात आणि तारपकऱ्याभोवती वळसे घेत फिरतात. सूर बदलला की पाय बदलतात. तो वळेल तशी साखळी वळते, आणि तारप्याकडे कुणी पाठ करत नाही.

दुरून पाहणाऱ्याला वाटतं, केवढा हा मान! एक माणूस वाजवतो आणि सगळा पाडा त्याच्या सुरावर चालतो. जवळ उभं राहिलं की दुसरी बाजूही दिसते. इतके पाय त्याच्या श्वासाला बांधलेले असतात, म्हणून त्याला मनाला येईल तसं वाजवता येत नाही. साखळीत सत्तरीचा म्हातारा असतो आणि आठ वर्षांची पोर असते. त्या दोघांच्या पायांना झेपेल तीच लय धरावी लागते. मी पाहिला त्या नाचात मध्यरात्रीनंतर एकाला दम लागला तेव्हा तारपा दुसऱ्याच्या हाती गेला, आणि नाच थांबला नाही. पहिला तारपकरी कपाळ पुसून साखळीत शिरला आणि नाचू लागला. शास्त्रीय संगीताच्या मैफली ऐकत मी वाढले. तिथे गायकाचा मूड लागण्याची श्रोते वाट पाहतात, आणि त्या वाट पाहण्यातही एक आनंद असतो. इथे वाट पाहायला सवड कुणालाच नसते. साखळी फिरत असते आणि वाजवणाऱ्याने तिच्याबरोबर राहायचं असतं.

गुणाचा गर्व करू नये, गुण परोपकारासाठी असतो, हे आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं आहे. संतांनी सांगितलं, शाळेच्या भिंतींवर लिहिलेलं असतं, सत्कार समारंभांत अध्यक्ष सांगतात. सांगून किती उपयोग होतो ते आपण पाहतोच. वारली पाड्यावर मला हे सांगणारं कुणी भेटलं नाही. तिथे त्याची सोय करून ठेवलेली दिसते. चौक एकटीने लिहायचा नाही, चौघींनी लिहायचा. त्यामुळे सगळ्यात चांगल्या हाताला बाकीच्या तीन हातांशी जुळवून घ्यावंच लागतं, आणि कच्च्या हाताला पक्क्या हाताशेजारी बसून शिकायला मिळतं. चौक लिहायचा तो लग्नासाठी. म्हणजे गुण कधी बाहेर काढायचा हे गुणवंत ठरवत नाही, दुसऱ्याच्या घरातलं कार्य ठरवतं. आणि चौक असतो कुडाच्या भिंतीवर. पावसाळ्यात भिंत ओल धरते, धुराने काळवंडते, पुढच्या सारवणात रेघा बुजतात. चांगल्यातला चांगला चौकही जातो. त्यामुळे त्या बाईला गेल्या वर्षीच्या चौकावर मोठेपणा मिरवता येत नाही, आणि वाकडे त्रिकोण काढणाऱ्या मुलीलाही गेल्या वर्षीची लाज जन्मभर पुरत नाही. दोघींना पुढच्या लग्नात पुन्हा भिंतीपुढे बसायचं असतं.

धवलेरीचं मात्र थोडं वेगळं आहे. वारल्यांमध्ये लग्नाची गाणी म्हणून लग्न लावणारी ती बाई. सगळी गाणी तिच्या स्मरणात असतात, कुठे लिहिलेली नसतात. रेघ चौघींत वाटून घेता येते, स्मरण तसं वाटता येत नाही. म्हणून तिच्या मागे सूर धरायला एखादी तरुण बाई बसवलेली असते. ओळ उचलता उचलता ती गाणी तिच्यात उतरतात. आपल्या अंगचा गुण आपल्याबरोबर संपू नये याची काळजी धवलेरीने घ्यायची असते, आणि तीही म्हातारपणी नव्हे, ऐन आवाज असताना.

हे सगळं लिहिताना एक भीती वाटते. वाचणाऱ्याला वाटेल की डोंगरात कुठेतरी एक सुखी, समतोल समाज नांदतो आहे आणि आपण मात्र बिघडलो. तसं नाही. याच डहाणू-तलासरी-उंबरगावच्या पट्ट्यात लग्नगडी नावाची चाल होती. लग्नाला पैसे लागत, ते सावकार-जमीनदार देई, आणि त्या कर्जापायी नवरा-बायको दोघं त्याच्या वाडीवर राबत राहत. कर्ज फिटत नसे. ज्या घरात पालघट लिहिली गेली, त्याच घरातली नवरा-नवरी वेठीला जात. माणसांनी आपापसात कितीही सुंदर तोल साधला, तरी बाहेरून येणाऱ्या अन्यायापुढे तो पुरा पडत नव्हता. १९४५ च्या मे महिन्यात याच पट्ट्यातल्या झरीला किसान सभेची परिषद झाली आणि वारल्यांनी वेठ-लग्नगडीला नकार दिला. त्या लढ्यात शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्याबरोबर होते. गोदावरीबाईंनी पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात ते सगळं लिहून ठेवलं. कायद्याची पदवी, उत्तम वक्तृत्व, संघटनेची हातोटी असलेली बाई पाड्यापाड्यांतून फिरली, कुडाच्या घरांत राहिली. तिच्या गुणांना शहरात कितीतरी मोठी जागा मिळाली असती. त्या पुस्तकात मला सगळ्यात जास्त भावतं ते हे, की बाईंना आपलं बोलणं त्या माणसांच्या बोलण्याशी जुळवून घ्यावं लागलं. पक्क्या हाताला कच्च्या हाताशी जुळवून घ्यावं लागतं तेच हे.

वेठ गेली. मग काही वर्षांनी कागद आला.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार या भागात आले. त्याआधी बिहारमधल्या दुष्काळाच्या काळात मधुबनीच्या बायकांच्या भिंतीवरच्या चित्रांना कागदावर आणण्याच्या कामात ते होते. इथे गंजाडला त्यांना जिव्या सोमा म्हसे भेटले. म्हसे १९३४ चे. लहानपणी आई गेली आणि या मुलाने बोलणंच सोडलं. जे सांगायचं ते मातीत रेघा ओढून सांगायचा. पुढे लोकांच्या शेतावर मजुरी केली. चौक हे बायकांचं काम, पण याचा हात चालतो हे पाहून सवाशिणींनी त्याला आपल्यात घेतलं, असं त्यांच्याबद्दल सांगितलं जातं. कुलकर्णींनी त्यांना कागद दिला. १९७५ साली मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्यांची चित्रं लागली, १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८९ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू सेंटरमधल्या जागतिक प्रदर्शनात त्यांची चित्रं होती. २००३ मध्ये जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फला रिचर्ड लाँग या इंग्रज कलावंताबरोबर त्यांचं प्रदर्शन झालं. २०११ मध्ये पद्मश्री. २०१८ च्या मे महिन्यात ते गेले.

ही एका माणसाच्या गुणाची विलक्षण वाटचाल आहे, आणि तिचा मला मनापासून आनंद आहे. मातीत रेघा ओढणाऱ्या मुक्या पोराची रेघ जगाने ओळखली. त्यांचं मासेमारीच्या जाळ्याचं चित्र ज्यांनी पाहिलं असेल त्यांना कळेल मी काय म्हणते आहे ते. सगळा पट व्यापून ते जाळं पसरलेलं, हजारो बारीक रेघांचं, आणि त्या रेघा पाण्यात हलाव्यात तशा हलतात. वारली चित्रं आता कितीही मिळतात. पण अशी जिवंत थरथर दुसऱ्या कुणाच्या हातात मी पाहिली नाही.

पण कागदाने काय केलं तेही नीट पाहायला हवं. कागद टिकतो, म्हणून चांगलं चित्र आता जात नाही, साठतं. कागद एका माणसाला पुरतो, शेजारी कच्च्या हाताला बसवावं लागत नाही. कागदाला लग्नाची गरज नसते. चित्र केव्हा काढायचं हे गिऱ्हाईक ठरवतं किंवा स्वतः चित्रकार. गुण ताळ्यावर ठेवणारी जी जी सोय समाजाने पिढ्यान्‌पिढ्या करून ठेवली होती, ती या एका वस्तूने एकदम बाजूला सारली. कुणाचा वाईट हेतू होता असं नाही. कुलकर्णी कळकळीचे माणूस होते, आणि पोट भरण्याचा एक मार्ग त्या कागदाने उघडून दिला, जो मजुरीपेक्षा नक्कीच बरा होता.

म्हसे गंजाडलाच राहिले. बाळू आणि सदाशिव या मुलांच्या हाती त्यांनी कला दिली, आणि आसपासची कितीतरी पोरं त्यांचं पाहून काढायला लागली. त्यांच्या चित्रांत एकटा माणूस मोठा करून दाखवलेला मला आठवत नाही. तारप्याचा नाच त्यांनी पुन्हा पुन्हा काढला: मध्ये तारपकरी आणि भोवती वळसे घेत जाणारी शेकडो माणसं, कुणालाही चेहरा नाही. मला वाटतं, सोय गेल्यावरही ती सोय त्यांनी आपल्या अंगात सांभाळली. पण हे एका थोर माणसाला जमलं. प्रत्येकाने थोर असावं अशी अपेक्षा कुठल्या समाजाने करू नये; म्हणून तर सोयी कराव्या लागतात.

आणि सवाशिणी? कागद आला तो मुख्यतः पुरुषांच्या हाती. मुंबईला जायचं, दिल्लीच्या मेळ्यात चार-आठ दिवस राहायचं, गिऱ्हाइकाशी बोलायचं, हे घर, रान आणि पोरं सांभाळणाऱ्या बाईला कसं जमणार? पुढे काही बायका कागदावर काढू लागल्या, आता त्यांत नव्या मुलीही आहेत, ही फार चांगली गोष्ट. पण ज्या पिढ्यांनी ही रेघ घडवली त्यांतल्या एकीचंही नाव आपल्याला सांगता येत नाही. चौक सगळ्यांचा होता तेव्हा कुणाचंच नाव नव्हतं, तोवर त्यात अन्याय नव्हता. नावांचा काळ आला तेव्हाही त्या बिननावाच्याच राहिल्या, आणि अन्याय तिथे सुरू झाला. सामूहिकतेचं कौतुक करताना हे विसरता येत नाही. जिथे एकाचं नाव लागू शकतं तिथे ‘आम्हा सगळ्यांचं’ म्हणणं बहुतेक वेळा बायकांच्या पदरी पडतं.

२०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं. आदिवासी तरुणांच्याच संघटनेने ते मिळवलं, याचं मोल मोठं आहे. या कलेचं नाव आता एका समाजाच्या मालकीचं आहे असं कायदा मानतो. तरी शहरात कुठल्याही उशीच्या अभ्र्यावर, चहाच्या कपावर, सोसायटीच्या कुंपणावर ती त्रिकोणांची माणसं दिसतात, आणि त्यातलं किती पाड्यांपर्यंत पोहोचतं हे ते विकत घेणारा विचारत नाही. कायद्याने नाव सांभाळलं. बोलावणं, चौघींचं बसणं, कच्च्या हाताला दिलेला कोपरा हे कायद्याच्या कागदात मावणारं नव्हतं.

जुनी सोय मोडली की नवी करता येते का? या प्रश्नावर मला महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाचं एक गाव आठवतं: गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा, सगळे लेखा-मेंढा म्हणतात ते. गोंडांचं गाव, शंभरेक घरांचं. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा त्या गावाची. गावचे देवाजी तोफा आणि त्यांना साथ देणारे कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल ही नावं त्यामुळे पुष्कळांना ठाऊक आहेत. मिलिंद बोकिलांनी ‘गोष्ट मेंढा गावाची’ लिहून ते सगळं मराठी वाचकांपुढे आणलं. २००९ मध्ये या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ मध्ये आपला बांबू आपण विकण्याचा अधिकार प्रत्यक्षात आला. या बातम्या झाल्या. मला त्यांच्या मागची एक रीत जास्त मोलाची वाटते.

गावात ग्रामसभा आहे आणि अभ्यासगट आहे, आणि ही दोन वेगळी ठिकाणं आहेत. ज्याला वाचता येतं, कायदा समजतो, ज्याने चार गावं पाहिली आहेत, ज्याला चांगलं बोलता येतं, त्याच्या गुणाला अभ्यासगटात पूर्ण वाव. तिथे बाहेरचा माणूसही येऊन बसू शकतो, प्रश्न विचारू शकतो, वाद घालू शकतो. मध कसा काढायचा की मोहोळ मरणार नाही, जंगलात किती बांबू आहे, कायद्याचं कलम काय म्हणतं, हे तिथे उकलायचं. पण अभ्यासगटाला निर्णय घ्यायचा अधिकार नाही. तो ग्रामसभेचा, आणि ग्रामसभेत मतदान होत नाही. सगळ्यांचं एकमत व्हावं लागतं. एकाला पटलं नाही तर विषय पुढच्या बैठकीवर जातो.

ही रीत किती सखोल विचारातून आली असेल! हुशार माणसाचा गुण इथे दाबला जात नाही. त्याला म्हणतात, शीक, सांग, आम्हाला पटवून दे. पण हुशार आहे म्हणून त्याला जास्त अधिकार नाही, आणि ज्याला बोलता येत नाही त्याच्या नुसत्या मान हलवण्यालाही तेवढंच वजन आहे. त्यामुळे बोलणाऱ्याला न बोलणाऱ्याच्या गतीने जावं लागतं. वेळ लागतो. दारूबंदीसारख्या विषयावर पुन्हा पुन्हा बसावं लागलं. बायका सभेला यायला हव्यात हेही बोलून बोलूनच साधलं. तारपकऱ्याला साखळीतल्या म्हाताऱ्याच्या पायांचं भान ठेवावं लागतं, त्याची आठवण मला इथे हटकून होते. पण तारपा हा वाडवडिलांपासून आलेला आणि मेंढ्याची ही रीत माझ्या हयातीत, माणसांनी बसून, चुकत-माकत घडवलेली. २०१३ मध्ये या गावातल्या सगळ्यांनी आपल्या जमिनींची मालकी ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेच्या नावे करायचं ठरवलं. कसायची ज्याची त्याने, पण गावाबाहेर कुणाला विकता येणार नाही. चार एकर असलेल्यानेही सही केली, जास्त असलेल्यानेही. आपल्याकडे जास्त आहे म्हणजे आपल्यावर जास्त जबाबदारी आहे, हे भाषणातून त्या माणसांना कुणी शिकवलं असेल असं मला वाटत नाही. वर्षानुवर्षं एकमत होईपर्यंत एकमेकांशेजारी बसून राहिल्यावर ते त्यांच्या अंगवळणी पडलं असणार.

म्हणून पालघरच्या वारली पाड्यांकडे पाहताना मला हताश वाटत नाही. कागद आला आहे, तो परत जाणार नाही, आणि जाऊही नये. घरच्या शाळकरी मुलीच्या चित्राला चार पैसे मिळत असतील तर कुणी कुठल्या तोंडाने तिला भिंतीकडे परत जा म्हणावं? पण कागदासाठी नव्या रीती बसवता येतील. पक्क्या हाताने एखाद्या कच्च्या हाताला आपल्याच कागदाचा कोपरा द्यावा, दोघांची नावं खाली लिहावीत. एखाद्या मोठ्या विक्रीतला वाटा पाड्याच्या कामाला निघावा. लग्नाच्या चौकाला बोलावणं आलं तर प्रदर्शनाची तारीख बाजूला ठेवावी की नाही, यावर एकदा मोकळं बोलणं व्हावं. या माझ्या कल्पना, बाहेरून आलेल्या. त्यांना अभ्यासगटातल्या पाहुण्याच्या बोलण्याएवढीच किंमत आहे. ठरवायचं त्या माणसांनी. फक्त एवढं मागावंसं वाटतं की अशी बैठक जेव्हा केव्हा बसेल, तेव्हा ती चौक लिहिणाऱ्या बायकांना जमेल त्या दिवशी, मोहाची फुलं वेचून झाल्यावर बसावी, आणि चित्राखाली कुणाचं नाव यावं हे आधी त्यांना विचारावं. मी जितकं वाचलं-पाहिलं त्यात हा प्रश्न त्यांना कुणी विचारल्याचं मला अजून आढळलेलं नाही.